खामफनकाकांचा दुसरा अहवाल

खामफनकाकांच्या गाठीचा पहिला अहवाल मीच लिहिला होता: 'टी पेशींचा लिम्फोमा, नेमका प्रकार ठरवता येत नाही.' म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कर्करोग. तुकडा तांदळाएवढा. त्यात तेवढंच दिसलं. मी पॅथॉलॉजिस्ट; काका मला सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवरच्या पेशींपुरतेच ठाऊक होते.

वर्षभराने काकांवर उपचार करणारा डॉक्टर थनेत माझ्या प्रयोगशाळेत आला. "रवीवानताई, केमो झाली, तरी गाठी परत आल्या. ताप हटत नाही. या वेळी अख्खी गाठ काढलीय. बघा ना काही वेगळं दिसतंय का."

दिसलं. पेशी मदतनीस टी पेशींच्या घराण्यातल्या निघाल्या. जनुक तपासणीत टेट-टू नावाचं जनुक बिघडलेलं होतं, आणि या प्रकारात बरेचदा सापडणारा दुसरा एक बदलही जोडीला होता. टेट-टूचं काम डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसण्याचं. ते थांबलं की खुणा साचतात आणि कामाची जनुकं गप्प बसतात. अशा लिम्फोमांना आता वेगळं नाव आहे.

मी वर्षापूर्वीचा उरलेला तुकडा काढून पुन्हा तपासला. तिथेही तेच; तेव्हाच शोधलं असतं तर सापडलं असतं.

"जुनं कशाला उकरता?" थनेत म्हणाला.

"सही माझी आहे. काकांना मीच सांगते."

काका वॉर्डात खिडकीपाशी बसले होते. जन्मभर खेन बनवलेला माणूस; आमच्या ईसानात, थायलंडच्या ईशान्य भागात, तो बांबूच्या नळ्यांचा बाजा घरोघरी वाजतो. मी झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली आणि समजावलं, "काका, खेनसारखंच. नळ्या सगळ्या आहेत, पण भोकं झाकली गेलीत, म्हणून आवाज नाही."

"उलटं बोललीस, पोरी!" काका हसत सुटले. "खेनचं भोक झाकलं तरच नळी वाजते. डॉक्टर झालीस, पण ईसानची नाहीस वाटतं!"

"हिथलीच आहे हो," मी ओशाळले.

"मग हे झाकण उघडायचं औषध आहे का?"

"खुणा कमी करणारं आहे. महिन्यातून सात दिवस इंजेक्शन. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही."

"टोचा."

काकांना लागू पडलं. तिसऱ्या महिन्यात ताप गेला. सहाव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये गाठी दिसेनाशा झाल्या. औषध चालूच राहणार होतं, पण थनेत जिने चढून धापा टाकत सांगायला आला.

त्याच आठवड्यात काका आणि त्यांच्या पत्नी बुआलाईकाकू प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. काकांना आपल्या पेशी बघायच्या होत्या. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते.

"हे जांभळे ठिपके? एवढ्याशांनी एवढं रडवलं?"

"बघून झालं ना? हात धुवा आधी," काकू म्हणाल्या.

मग मागच्या व्हरांड्यात त्यांनी केळीच्या पानातून भाजलेली कोंबडी आणि चिकट भाताची टोपली काढली. वीस वर्षांत कुणी रुग्ण माझ्याकडे जेवायला आला नव्हता. काका दुसऱ्यांदा भात घेत होते, आणि काकू त्यांच्याकडे बघत स्वतः जेवायचं विसरल्या होत्या.