मयताची फुलं

चिमाजीच्या थोरल्या लेकीचं, प्रतिभाचं लग्न झालं ते साल अठ्ठ्याण्णव. वैशाखात दारात मांडव पडला आणि आषाढात चिमाजी जन्मात पहिल्यांदा वकिलाची पायरी चढला.

मखमलाबादला त्याचा दीड एकराचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गलांडा. पहाटे तोडणी करायची आणि उजाडायच्या आत पाट्या पंचवटीत खंडेरावच्या ओट्यावर नेऊन टाकायच्या. खंडेराव हारवाला. रामकुंडाकडे उतरणाऱ्या वाटेवर त्याचा दगडी ओटा, वर चार पत्रे. दोघांच्या बापांपासून हा व्यवहार चालत आलेला. फुलं रोज टाकायची, हिशेब दसऱ्याला. त्या दिवशी खंडेराव पैसे द्यायचा, दोघं एकमेकांच्या हातावर आपट्याची पानं ठेवायचे, चहा प्यायचे आणि वर्ष मिटायचं. कागद म्हणून कधी झालाच नाही.

त्यातच एक रीत होती. मयताच्या फुलांचे पैसे घ्यायचे नाहीत. कुणाच्या घरून तिरडीसाठी माणूस आला की खंडेराव हार फुकट द्यायचा, आणि तेवढी फुलं चिमाजी हिशेबात धरायचा नाही. चिमाजीचा बाप गेला तेव्हा खंडेरावने अंग झाकेल एवढी शेवंती स्वतः गुंफली होती.

पंच्याण्णवच्या दसऱ्याला खंडेरावने नुसती पानंच हातावर ठेवली. त्याच्या बायकोला, सगुणाबाईला मूत्रपिंडाचा आजार झाला होता आणि दवाखाना घर खात होता.

"औंदा एवढंच हाय, चिमा."

"राहू दे रे. कुठं पळून चाललास?" चिमाजी म्हणाला होता, आणि त्या वेळी ते खरंच मनापासून म्हणाला होता.

पुढच्या मालाचे पैसे खंडेराव रोजच्या रोज द्यायला लागला. मागची बाकी मात्र तशीच राहिली. अठ्ठावीस हजार. तीन वर्षं चिमाजीने त्या पैशाचं नाव काढलं नाही. पण प्रतिभाच्या लग्नाला पैसे कमी पडले ते त्याच्या मेहुण्याने, यादवने दिले. यादव सातपूरच्या कंपनीत कारकून. दिलेला पैसा तो विसरायचा नाही आणि दुसऱ्यालाही विसरू द्यायचा नाही.

"दाजी, मजा हाय तुमची," तो भर अंगणात म्हणाला. "माझा पैसा तुमच्या मांडवात, तुमचा पैसा खंडेरावच्या घरात. आणि दसऱ्याला तीन वर्षं भरली की ती बाकी कायद्याने मेली. मग बसा आपट्याची पानं मोजत."

चिमाजीची बायको भागीबाई आतून म्हणाली, "यादव, तुझं तू बघ. खंडूभाऊ काय परका नाय."

"अक्का, परका असता तर एव्हाना वसूल झाला असता."

ते वाक्य चिमाजीला लागलं. दुसऱ्या दिवशी तो सीबीएसजवळच्या कोर्टाकडे गेला. बसमधून उतरल्यावर गावचा एक माणूस समोरून येताना दिसला तसं त्याने उपरणं तोंडावर ओढून घेतलं. चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं, आणि पैसा तर आपलाच होता.

ढुंढिराज वकील बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर चढवलेला. चिमाजी खुर्चीच्या कडेवर बसला.

"कागद काय आहे तुमच्याकडे?"

"कागद नाय साहेब."

"माल मोजून कुणी घेतला? सही? पावती?"

"पाट्या टाकायचो. मोजायचं काय त्यात?"

"मग मी कोर्टात काय दाखवू? झेंडू?" वकील हसले, पण वाईट हसले नाहीत. "असं करा. बाकी किती ते मी टाइप करून देतो. त्यांना मान्य असेल तर खाली सही घ्या. सही झाली की त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. पण दसऱ्याच्या आत हवी."

मग त्यांनी वकीलपत्र पुढे सरकवलं. चार वर्षांपूर्वी गावच्या साक्षरता वर्गात चिमाजी अक्षरं शिकला होता, वयाची पन्नाशी उलटल्यावर. त्याने जीभ दातात धरून सही केली. 'चि'ची वेलांटी चांगली आली. ती बघून त्याला बरं वाटलं. पुढे ते बरं वाटणंच त्याला फार टोचलं.

कागद घरी आला आणि पत्र्याच्या पेटीत पडून राहिला. रोज पाट्या टाकायला जायचा, रोज खंडेराव चहा सांगायचा, आणि कागद काढायचा धीर व्हायचा नाही. अशात श्रावण लागला आणि सगुणाबाई गेली. चिमाजीने मळ्यातली होती नव्हती ती फुलं नेली. तिरडीला खांदाही दिला.

पाचव्या दिवशी भागीबाईने भाकरी थापल्या, पिठलं केलं. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, जेवण बाहेरून जातं. ती फडक्यात भाकरी बांधत होती तेवढ्यात यादव आला.

"बायको गेली. आता तो लेकीकडं पेठला जाऊन राहणार. तेरावं झालं की ओट्याला कुलूप. मग त्या डोंगरात कुठं शोधणार दाजी?"

भागीबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "भाकरीसंगं कागद नेऊ नका हां."

"नाय नेत," चिमाजी म्हणाला. कागद तेव्हा त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात होता.

खंडेरावच्या घरी पाच-सहा माणसं जेवली. वाढायला त्याची लेक शुभांगी होती, पेठहून आलेली. खंडेरावने अर्धी भाकरी कशीबशी खाल्ली. "भागीवहिनीच्या हातचं पिठलं सगुणाला फार आवडायचं," तो म्हणाला. माणसं हात धुवायला मागच्या दारी गेली, आणि चिमाजीने खिशात हात घातला.

"खंडू, एक कागद होता."

"कसला?"

"ते... बाकीचं. नुसतं लिहून ठेवायचं. वकील म्हणतो."

खंडेरावने कागद घेतला, उजेडाकडे धरला. त्याला चांगलं वाचता यायचं, सातवीपर्यंत शिकलेला. त्याने सगळा वाचला.

"सगुणाच्या अंगावरची फुलं यात धरलीस का रे?"

"काय बोलतोस! मयताची फुलं कुठं धरत्यात?"

"तसं नाय. आता कागद झालाय, म्हणून विचारलं." त्याने पेन मागितलं. चिमाजीने पेनही आणलं होतं. सही करून खंडेरावने कागद भाकरीच्या फडक्यात ठेवला, फडक्याची नीट घडी घातली आणि ते परत दिलं. "वहिनींना सांग, फडकं धुवायचं राहिलं."

शुभांगी दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिने कधीपासून पाहिलं ते चिमाजीला कळलं नाही. तो मान खाली घालून बाहेर पडला. घरी भागीबाईने फडकं झटकलं, त्यातून कागद पडला. त्या दिवशी तिने त्याला ताट वाढलं आणि स्वतः ओसरीवर जाऊन बसली.

कागद वकिलांकडे गेला आणि त्यांनी पैशाची नोटीस धाडली. केस करायची वेळच आली नाही. भाद्रपद सरायच्या आत खंडेरावचा निरोप वकिलांकडे आला, आणि ठरल्या दिवशी तो ऑफिसात हजर झाला. डोक्यावर केस नुकते उगवलेले. त्याने पिशवीतून नोटा काढल्या.

"मोजून घ्या," तो वकिलांना म्हणाला. चिमाजीकडे त्याने बघितलं नाही.

"खंडू, एवढी घाई नव्हती रे," चिमाजी म्हणाला.

"कागद घाईचा होता. ओटा दिला विकून."

वकिलांनी चहा मागवला. खंडेरावने कपाला हात लावला नाही. "पोच द्या," म्हणाला. चिमाजीने पोच लिहून सही केली. या खेपेला वेलांटी वाकडी आली. खंडेरावने पोच घडी करून खिशात घातली आणि दोघांना नमस्कार करून गेला.

वकील फाईल बंद करायला लागले. मधेच थांबले. "यांची बायको गेल्याचं निरोपात होतं. कधी?"

"श्रावणात."

त्यांनी सहीच्या कागदावरची तारीख बघितली. मग चष्मा खाली ओढून चिमाजीकडे पाहिलं. "दुखवट्यात गेलात?"

चिमाजीने मान हलवली.

"मला सांगायचं होतंत. मुदत दसऱ्यापर्यंत होती, दोन महिने पडले होते. मीच म्हटलं असतं, थांबा." त्यांनी उरलेली फी घेतली नाही. चिमाजीने दोनदा पुढे केली, तरी घेतली नाही. फी घेतली असती तर बरं झालं असतं असं त्याला जिना उतरताना वाटलं.

यादवचे पैसे फिटले. "बघा, वकिलाशिवाय माणूस हलत नाही," यादव म्हणाला. चिमाजीने त्याला चहा विचारला नाही.

खंडेराव पेठला गेला नाही. तो पंचवटीतच राहिला, हातावर हार घेऊन फिरत विकायचा. फुलं दुसऱ्याकडून घ्यायचा. सिंहस्थाच्या गर्दीत चिमाजीला तो एकदा दिसला. हाताला दहा-बारा हार, घामाने सदरा ओला, कुणा यात्रेकरूशी दोन रुपयांसाठी हुज्जत चाललेली. चिमाजी भाजीच्या हातगाडीमागे झाला आणि तो पुढे जाईपर्यंत तिथेच वांगी चाचपत राहिला. नवीन ओटेवाल्याकडे त्याने फुलं घातली नाहीत. माल थेट बाजारात द्यायचा, रोखीने, पावतीवर.

मग एका सकाळी पंचवटीतून निरोप आला. चिमाजीने गड्याला हाक मारली नाही. भागीबाई आणि तो, दोघांनीच शेवंती खुडली. पिवळी, पांढरी, होती तेवढी सगळी. रिक्षात पाट्या घालून तो खंडेरावच्या दारात उतरला. तिरडी बांधणं चाललं होतं.

शुभांगी बाहेर आली. रडून डोळे सुजलेले. तिने पाट्यांकडे पाहिलं.

"किती झाले, काका?"

"पोरी, मयताची फुलं हायेत. त्याचे पैसे घेत नाय."

"ते बाबांच्या वेळेला. बाकी नको आता." तिचा आवाज चढला नव्हता. "मागं एकदा राहिली होती, तर तुम्हाला भाकरी घेऊन यावं लागलं."

तिरडी बांधणाऱ्यांनी माना वर केल्या. तिने कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली, जिथे तिचा बाप आपट्याची पानं ठेवायचा त्याच हातावर. चिमाजीने परत करायला हात पुढे केला, पण ती आत वळली होती. नोट खाली टाकता येईना, खिशात घालवेना. त्याने मूठ मिटली.

तिरडी उचलली तेव्हा त्याला खांद्याला जागा मिळाली, मागच्या बाजूला. अमरधामपर्यंत तो एकाच हाताने दांडा धरून चालला.

खंडेराव वारला तो दोन हजार चार सालच्या मार्गशीर्षात. सगुणाबाई त्याच्या आधी गेली, अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात.