विहिरीचे नऊ उन्हाळे

“भावनाबाई, सोडा आता ते डबडं. टेम्पोवाला बोंबलून राहिला बाहेर.”

शाळेचा लिपिक धर्मेंद्र संगणक खोलीच्या दारात उभा होता. शाळेच्या प्रयोगशाळेची परिचर भावना तायडे टेबलाखाली उकिडवी बसून जुन्या संगणकाच्या पाठीत वायर खुपसत होती. तिने वर पाहिलंच नाही.

“बोंबलू द्या. साहेब तीनले येऊन राहिले. तोवर हा इथून हलत नाई.”

“भंगारात गेला तो. अन् तुमी परिचर आहा, इंजिनियर नाई.”

“म्हणूनच वेळ लागून राहिला.”

भातकुलीच्या त्या शाळेची विहीर खारपाणपट्ट्यातली. पावसाळा सरला की तिचं पाणी महिना-दोन महिने जिभेला चालतं. एप्रिलात इतकं खारट होतं, की तोंडात धरवत नाही. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी ऑक्टोबरात एक बाटली तपासायला नेली आणि पाणी पिण्याजोगं ठरवलं. आता शाळेचा टँकर बंद करायचा कागद तयार होता. तीन वाजता मुख्याध्यापकांची सही झाली, की पोरांच्या नशिबी विहीरच.

त्या कागदाला उत्तर एकच होतं. नऊ वर्षं, दर सोमवारी, भावनाने मुलींना घेऊन त्या पाण्यातला क्षार मोजला होता. वह्या वाळवीने खाल्ल्या, पण आकडे या जुन्या संगणकात होते. पेनड्राइव्ह लावायची भोकं गंजलेली. पेटी उघडून आतली डिस्क काढावी, तर तिला लिलावाचं सील. उरली एक वायर, जुन्यातून थेट शाळेच्या नव्या संगणकात. दोन्हींवर लिनक्स ही प्रणाली होती, आणि ती भावना पुस्तकात बोट ठेवून ठेवून शिकली होती.

“दोघांलेही पत्ता द्यावा लागते,” ती नववीतल्या रागिणीला म्हणाली. “मग एक दुसऱ्याले हाक मारते, दुसरा ओ देते.” तिने पत्ता फळ्यावर लिहिला. शेवटचा आकडा दहा. रागिणीने तो नव्यात टाकला, भावनाने जुन्यात.

“बाई, हाक मारली. ओ येऊन राहिली!”

“आता त्याचं फोल्डर उघड.”

“उघडलं.” रागिणीचा आवाज पडला. “खाली हाय, बाई. काहीच नाई.”

भावना झटकन मागे वळली. तिने जुन्यावर पाहिलं. सगळे सोमवार जागच्या जागी होते. तिने स्टूल ओढून रागिणीजवळ घेतलं. बाहेर हॉर्न वाजत होता, तरी ती सावकाश बोलली.

“घाबरू नको. एकेक पाहू. वायरचा दिवा?”

“लागला हाय.”

“ओ किती वेळानं येते?”

“लगेच. मारली का आलीच.”

“वायर काढ बरं.”

रागिणीने वायर काढली आणि पडद्याकडे पाहतच राहिली. “बाई… अजूनही ओ येऊन राहिली. वायर तं माया हातात हाय!”

“मग बोलून कोण राहिलं?”

उत्तर भावनाला कळलं होतं, पण तिने ते सांगितलं नाही. वाट पाहिली.

“हा सोताच,” रागिणी हळूच म्हणाली. “सोतालेच हाक मारून राहिला, सोताच ओ देऊन राहिला. दोघांचा पत्ता एकच हाय, बाई. फोल्डरही यानं सोताचंच उघडलं.”

“तुले पहिलेच वाटलं होतं का?”

रागिणीने मान खाली घातली. “वाटलं होतं. पण तुमीच म्हणता ना, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचं. टिंबाचाही फरक नाई पाह्यजे.”

अठरा वर्षं भावना हेच सांगत आली होती. जसंच्या तसं उतरवणाऱ्यांच्या पाठीवर थाप मारत आली होती.

“चुकलं मायं. यापुढं फळ्यावर चूक दिसली तं हात वर करायचा. मी असो नाई तं मुख्याध्यापक असो. आता काय करशील?”

“माया दहाचा अकरा करू?”

“कर.”

वायर पुन्हा लागली. या वेळी ओ किंचित उशिरा आली. फोल्डर उघडलं आणि नऊ उन्हाळे पडद्यावर ओळीने उतरू लागले.

धर्मेंद्रचा हात विजेच्या बटणाकडे गेला. “झाला तमाशा. आता बंद करतो.”

भावना बटणापुढे जाऊन उभी राहिली. “पहिले लिहून द्या, ‘नऊ वर्षांचे आकडे मी पुसले’ म्हणून. खाली सही करा. मग दाबा.”

तो काहीतरी पुटपुटला आणि टेम्पोवाल्याला चहा पाजायला निघून गेला.

तीन वाजता मुख्याध्यापक पंजाबराव सरांच्या खोलीत साहेब घाम पुसत बसले होते. टँकरचा कागद समोर होता. भावना छापलेली पानं घेऊन आत आली. साहेबांनी तिच्या गणवेशाकडे पाहिलं.

“बाई, जरा पाणी आणा.”

“आणते ना, साहेब. विहिरीचं आणू का टँकरचं?”

साहेबांचा हात नकळत आपल्या पिशवीतल्या बाटलीकडे गेला आणि मध्येच थांबला. पंजाबराव सरांनी उघडलेल्या पेनला टोपण लावलं.

भावनाने भिंतीकडची खुर्ची ओढली आणि त्या खोलीत पहिल्यांदाच बसली. पहिलं पान मांडीवर सरळ करून तिने चष्मा लावला.

“पहिला सोमवार,” ती म्हणाली.