दुपारी दोनची परीक्षा

अनिरुद्धने भातावर आणखी एक डाव वरण ओतलं, त्यावर तूप सोडलं आणि ताटाच्या कडेला श्रीखंडाचा मोठा गोळा वाढून घेतला. समोर बसलेली कल्याणी गजभिये हातातला पोळीचा घास हातातच ठेवून बघत राहिली.

"सर, एवढं जेवल्यावर ऐकायला जमेल न तुम्हाला?"

"तेच तर बघायचंय," अनिरुद्ध खुशीत म्हणाला. "आणि ते सगळं तुमच्यावर आहे, माझ्यावर काही नाही."

पूर्णिमाने नवऱ्याकडे न बघता श्रीखंडाचं भांडं उचलून आत नेलं. त्याची रक्तातली साखर तिलाच सांभाळावी लागत होती.

कोथरूडच्या या फ्लॅटच्या दारावर 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये' अशी पाटी होती, आणि चित्रपटनिर्माता अनिरुद्ध दिग्दर्शकांना गोष्ट ऐकवायला नेमकं त्याच वेळात बोलवायचा. त्यामागे त्याचा सिद्धान्त होता. भरल्या पोटी, आरामखुर्चीत, पंख्याखाली बसलेल्या पुणेकराला दुपारी दोन वाजता जी गोष्ट जागं ठेवील, ती कुठल्याही थिएटरात कुणालाही डुलकी काढू देणार नाही. 'तिऱ्हाईत' या हेरपटांच्या मालिकेतले सहाच्या सहा चित्रपट या परीक्षेतून गेले होते आणि सहाही चालले होते. मुलाखतींत तो हे रंगवून सांगायचा, आणि शेजारी बसलेला वैजनाथ गंभीरपणे मान डोलवायचा.

वैजनाथ म्हणजे त्याचा कॉलेजपासूनचा मित्र आणि सहाही चित्रपटांचा दिग्दर्शक. गेल्या वर्षी तो गेला. हेराचं काम करणारा नट सातव्या चित्रपटासाठी तयार होता, चॅनेलवाले पैसे घेऊन दारात उभे होते. कॅमेऱ्यामागे कोण, एवढंच ठरायचं होतं. ती निवड चुकली तर 'तिऱ्हाईत' एका फटक्यात उताणा पडणार होता, आणि वैजनाथचं म्हणून जे काही मागे उरलं होतं तेही त्याच्याबरोबर. चित्रपट पडण्याचं अनिरुद्धला तसं काही वाटत नसे, इतर बरेच त्याने स्वतःच पाडले होते. हा मात्र त्याला पडू द्यायचा नव्हता.

आधी दोघे येऊन गेले होते. मुंबईच्या तेजसने उभं राहून, हातवारे करत गोष्ट सांगितली. स्फोटाच्या प्रसंगी त्याने टीपॉयवर असा हात आपटला की खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि एक शब्दही न बोलता दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून गेले. शुभंकरला परदेशातल्या महोत्सवांत बक्षिसं मिळाली होती. त्याचा हेर मध्यंतरापर्यंत खिडकीतून बाहेर बघत होता. अनिरुद्ध दोघांच्याही वेळी टक्क जागा राहिला. म्हणजे दोघेही पास, आणि पेच तसाच.

"हल्ली तुम्ही सोसायटीच्या सभेतसुद्धा जागे असता," पूर्णिमा तेव्हा म्हणाली होती.

खोटं नव्हतं ते. वैजनाथ गेल्यापासून अनिरुद्धची झोपच उडाली होती, रात्रीची आणि दुपारचीही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पूर्णिमाने तळपायांना तेल चोळून पाहिलं. तो मात्र आपण दुपारच्या झोपेवर विजय मिळवला म्हणून चारचौघांत मिरवायचा. कल्याणीचं नाव पूर्णिमानेच सुचवलं. भंडाऱ्याहून पुण्यात शिकायला आलेली ही मुलगी शेवटच्या दोन चित्रपटांना वैजनाथची सहायक होती. चॅनेलला तेजस हवा होता, सोमवारी नाव कळवायचं होतं, आणि अनिरुद्धचाही कौल मनातून तेजसकडेच झुकला होता. आजचं बोलावणं बायकोच्या शब्दाखातर होतं.

जेवणं उरकली. अनिरुद्ध आरामखुर्चीत बसला, पूर्णिमा सोफ्यावर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसली. कल्याणीने एक खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"पंखा जरा कमी करू का, सर? पानं उडून राहिले."

"करा. आणि सुरू करा. मी झोपलो तर वाईट वाटून घेऊ नका, पण मग चित्रपट तुमचा नाही."

"बरं," कल्याणी म्हणाली आणि वाचायला लागली.

"तिऱ्हाईत मांजरी गावाला बसमधून उतरतो. हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय. एका बाजूला उसाचं शेत, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. त्यातल्या एका घरात त्याला शिरायचंय. दार एक बाई उघडते. ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, 'या. फार उशीर केलात.'"

आवाज साधा होता, हातवारे नव्हते. अनिरुद्ध सरसावून बसला. गोष्ट ऐकण्याची त्याची एक रीत होती: ती जरा पुढे सरकली की तो तिच्या वाटेत पाय घालायचा. तेजसच्या वेळी त्याने पावलोपावली पाय घातला होता. हा माणूस लगेच बंदूक कशाला काढतो? एवढ्या गाड्या उडाल्यावर हेर गुप्त कसा राहील? शुभंकरच्या वेळी तर त्याला समोसे आणायला उठलेला अख्खा बाल्कनीचा प्रेक्षक दिसत होता. आताही त्याला पहिली खोट सापडली. बाई हेराला ओळखते, तर पोलिसांना का कळवत नाही? तो विचारणार, तोवर कल्याणीने पान उलटलं आणि बाईने कारण सांगून टाकलं. कारण चोख होतं.

मग पाठलाग आला, तोही कसबा पेठेत. आता ही त्या बोळांतून मोटारसायकली उडवणार, अनिरुद्धने मनाशी म्हटलं.

"दोघंही चालतायत," कल्याणी वाचत होती. "हेर पुढे, दुसरा मागे. पळायची दोघांचीही टाप नाही, कारण पळालं की लोक बघणार. वाटेत देऊळ लागतं. हेर चपला काढतो. मागच्यालाही काढाव्या लागतात."

अनिरुद्ध खळखळून हसला. वैज्याला हे आवडलं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच हे मनात येऊनही तो हसतच राहिला. त्याने पाय लांब केले. पुढची खोट शोधायची राहून गेली. देवळातून बाहेर आल्यावर चपलांचा काहीतरी घोळ होता, तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज येत होता, त्या ठोक्यांत पावलं मिसळत चालली होती, आणि कल्याणी सांगत होती की त्या बाईने निघताना हेराच्या पिशवीत...

जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप भिंतीवरून कपाटावर गेली होती. अनिरुद्धच्या अंगावर पातळ चादर होती. समोरची खुर्ची रिकामी होती आणि तिचं तोंड सोफ्याकडे वळलेलं होतं. मान अवघडली होती, पण डोकं कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास येत होता.

"गेली ती?" त्याने विचारलं.

"मगाशीच." पूर्णिमाने कप त्याच्या हातात दिला आणि ती सोफ्यावर बसली.

"अरेरे!" अनिरुद्धला खरंच वाईट वाटलं. "चांगली होती गं मुलगी. पण नियम म्हणजे नियम. आजवर मी एकाही नॅरेशनला झोपलो नव्हतो."

"एकाही?"

"वैज्याने सहा वेळा इथे बसून गोष्ट सांगितली. डोळ्याला डोळा लागला नाही माझा."

"पहिल्या वेळी घोरलात," पूर्णिमा शांतपणे म्हणाली. "दुसऱ्या वेळी वैजनाथभावजींनी फार जोर लावला होता, तेव्हा मध्यंतरापर्यंत पोचलात. पुढे मात्र पाचदहा मिनिटांतच मान पडायची."

"काहीतरी बोलू नकोस!"

"मग तिसऱ्या चित्रपटात मेलेला हेर परत येतो, तेव्हा प्रीमियरला खुर्चीतून उठून ओरडलात ते कशाला? निर्माते तुम्हीच होतात ना?"

अनिरुद्धने तोंडाशी नेलेला कप खाली घेतला. ते ओरडणं त्याला आठवत होतं. आनंदाने त्याने शेजारच्या वैजनाथचा खांदा गच्च धरला होता, आणि वैजनाथ पडद्याकडे न बघता त्याच्याकडेच बघून हसत होता.

"मला कधी बोलला नाही तो."

"भावजी म्हणायचे, अन्याला काळजी असली की तो जागा राहतो. झोपला म्हणजे समजायचं, गोष्ट त्याने आपल्यावर सोडली. मग ते आवाज खाली घ्यायचे, खुर्ची माझ्याकडे वळवायचे आणि उरलेलं मला वाचून दाखवायचे."

अनिरुद्धने सोफ्याकडे तोंड केलेल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"हिला वैज्यानेच सांगून ठेवलं असणार."

"सांगायला कशाला हवं? माणूस झोपला की आवाज खाली घेतात."

त्याला मित्राची अनावर आठवण आली, आणि रागही आला. लेकाचा सहाही वेळा गप्प बसला, मुलाखतींत मान काय डोलवायचा! अनिरुद्धने चादरीच्या टोकाने डोळे पुसले, चष्मा चढवला, फोन उचलला आणि चॅनेलवाल्यांना कल्याणी गजभियेचं नाव कळवून टाकलं. सोमवारपर्यंत थांबायचं आता काही कारण उरलं नव्हतं.

"कटकट करतील ते," तो म्हणाला.

"करू देत."

चहा निवला होता, तरी त्याने तो चवीने संपवला. मग कप टीपॉयवर ठेवून तो पुढे झुकला.

"तिने पूर्ण वाचलं? अगदी शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग ती मांजरीची बाई... तिने पिशवीत काय ठेवलेलं असतं?"

पूर्णिमाने शब्दकोडं मांडीवर घेतलं आणि पेन्सिल उचलली.

"प्रीमियरला कळेल," ती म्हणाली.