धुतलेली बशी

बशी लख्ख झाली होती. उजेडात धरली की पलीकडचं इस्त्रीचं टेबल, दोरीवरचे शर्ट, सगळं तिच्यातून आरपार दिसत होतं, आणि तरी आजीचा अंगठा काठावरून फिरतच होता, कुठेतरी चिकटपणा राहिला असेल म्हणून. पोरीनं ओरडायला हवं होतं. ही काय रीत झाली? आजीनं घासून खिडकीत पालथी घातलेली ती काचेची चपटी बशी सकाळी नातीनं पाहिली, आजीकडे पाहिलं, "असू दे" म्हणाली आणि चपला सरकवून कामाला निघाली. असू दे! या घरात कप फुटला तर फोडणाऱ्याच्या सात पिढ्या निघतात, आणि ही...

"होतं तरी काय त्यात?" आजी दारापर्यंत मागे गेली होती.

"तुझ्या हौदाच्या कडेची बुळबुळ. ती वाढवत होते."

माझ्या हौदाची! आजीनं बशी फळीवर आदळली, पण बेतानं. लाँड्री उघडल्यापासून या दारातून डाग घेऊन कपडा बाहेर गेला नाही, आणि घरचीच पोर माझ्या हौदातली घाण खरवडते, वर झाकण लावून तिला लाडानं वाढवते! कुणाच्या कानावर गेलं म्हणजे? लाँड्रीवालीच्या नातीनं कर्ज काढून शिक्षण घेतलं आणि बुळबुळ पाळली...

कर्ज हा शब्द आला की तिची बोटं आपोआप शर्ट मोजू लागत. शाळा दुसरीतच सुटलेली. आकडे तिच्याशी कधी सरळ बोलले नाहीत, पण शर्ट बोलत. पोरीचा पगार म्हणजे शर्टांचा एक ढीग. त्यातला निम्म्याहून जास्त उचलून बँकेच्या दारात ठेवायचा, आणि उरलेल्यात बसचं भाडं, डबा आणि तुटक्या चपलेचा अंगठा. जीवशास्त्राची पदवी म्हणजे अर्धी डॉक्टरकी, असं गिऱ्हाइकांना मीच ऐटीत सांगायची; बायका कपड्यांच्या गठ्ठ्यासोबत गुडघेदुखीचे कागदही घेऊन यायच्या. आणि अर्धी डॉक्टर बसते कुठे? पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत.

"मावशी, तुमच्या नातीपेक्षा मला दोन पैसे जास्तच सुटतात हं," इस्त्रीवाला कॉलरवर पाणी शिंपडत म्हणाला. हे तो आठवड्यातून एकदा तरी म्हणे. "आणि माझी डिग्री बघा, इस्त्रीच्या बटणावरच लिहिलेली."

"ती कमी कर, सुती कपडा करपतोय. आणि तोंडाचं बटणही जरा फिरव."

तो हसला. तिला हसू आलं नाही. कारण तो खोटं बोलत नव्हता, आणि उद्या बँकेत जायचं होतं. पुढची दोन वर्षं शिकली तर पगार दुप्पट होतो, असं पोर म्हणाली होती. "आणि कर्ज?" "तेही, आजी." या वेळी नुसत्या सहीवर भागणार नव्हतं, दुकान तारण ठेवायचं होतं. दुकान तिच्या नावावर. मुलगा, पोरीचा बाप, ट्रक चालवून दमून येई आणि 'तू म्हणशील तसं' एवढं म्हणून कूस बदले. जन्मभर मी म्हणेन तसंच... मग मी म्हणायचं तरी कुणाच्या भरवशावर? पोरीनं 'नको' म्हटलं तर बरं, हे तिला आठवडाभर वाटत होतं. तोंडानं मात्र बोलली नव्हती. आपल्या तोंडानं 'नाही' म्हणायला तिची जीभ कधी अडखळली नव्हती. या एकाच नाहीला...

दुपारी गर्दी ओसरल्यावर ती ब्रश घेऊन हौदाशी गेली. वाकली. कडेला, पाणी टेकतं तिथे, हिरवट-करडी रेघ. दर आठवड्याला घासून काढायची आणि दर आठवड्याला परत यायची. बोट लावलं. गार, मऊ. पाहिलं, पुन्हा पाहिलं. काहीच दिसलं नाही. हिच्यात काय वाढवायचं असतं, बाई?... कोटाचा खिसा आठवला. पोर एवढीशी होती. कुणाच्यातरी लोकरी कोटाच्या खिशात तिला एका किड्याचा कोष सापडला, आणि कोटाला इस्त्री करायची नाही म्हणून ती या इथेच ओल्या जमिनीवर गडाबडा लोळली, आजीच्या मनगटाला चावली, गिऱ्हाईक दारात उभं असताना! शेवटी कोट तसाच राहिला, आणि गिऱ्हाइकाला थाप मारावी लागली की वीज गेली होती. ती चावरी पोर कुठे गेली? 'असू दे' म्हणणारी ही कोण?

ब्रश पाण्यात तसाच राहिला. समोरच्या मोजणीच्या टेबलावर एक बाई आपली साडी उलगडून बघत होती. काठाला धागा निघाला होता, लाँड्रीतच निघाला असणार. बाईनं तो पाहिला, बोटानं दाबला, आणि काही न बोलता साडी पिशवीत टाकली. तिची दोन महिन्यांची उधारी होती. ज्यांची उधारी नसते ती गिऱ्हाइकं बटणासाठीही दुकान डोक्यावर घेतात. ज्यांची असते ती... आजी कंबरेवर हात ठेवून सावकाश उभी राहिली. म्हणजे पोर स्वतःला...? माझ्याकडे उधारी असलेलं गिऱ्हाईक समजते? माझ्याकडे?

तिनं ब्रश बाहेर काढला, झटकला, आणि हौद न घासताच मागे फिरली. स्वतःवरच चिडून.

दिवेलागणीला नात आली. पिशवी खुंटीला अडकवली, पाणी प्यायली, आणि पेला हातात फिरवत भिंतीकडे बघून म्हणाली, "आजी, मी विचार केला. पुढचं राहू दे. उद्या बँकेत नको जायला."

आठवडाभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं आयतं, घडी घालून समोर आलं. दुकान वाचलं. आता हुश्श म्हणायचं... पण हुश्श येईना. आजीला वाटलं, हिच्या खांद्यांना धरून गदागदा हलवावं. आणि त्याच वेळी भीतीही वाटली की हलवलं आणि आतून काहीच वाजलं नाही तर? दुकान द्यायचं की नाही हे तिला अजून कळत नव्हतं, खरंच कळत नव्हतं. नातीच्या हातातला पेला तिनं काढून घेतला.

"तुझी बशी मी धुतली. विचारलं नाही, सवरलं नाही, घासून टाकली. आणि तू म्हणालीस असू दे. माझ्याकडे तुझी उधारी आहे म्हणून? ऐक, बयो. ज्या गोष्टीसाठी तुला माझ्याशी भांडता येत नाही, तिच्यासाठी कर्जही काढू नये आणि ती सोडूही नये. बँक राहिली बाजूला. आधी भांड माझ्याशी."