बुंध्याच्या पोटातून आलेलं केळफूल

केळीचं फूल शेंड्यातून येतं. थायलंडमधल्या बान नोंगसाय गावात ते बुंध्याच्या मध्यातून, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर आडवं बाहेर आलं. आठ दिवसांत गावात मोटारसायकल लावायला जागा उरली नाही.

केळ आचार्य बुनलुआंच्या भाड्याच्या घरामागे होती. शेंड्याला जरीचा मुकुट, बुंध्याला रेशमी कापडं. उघडं होतं फक्त फूल.

"केळीतल्या नांग तानी देवीनं हात पुढं केलाय!" आचार्य ओरडत होते. "तिच्या बुंध्यातून झिरपणारं पाणी प्या. साखर उतरते, सूज उतरते, सासूचा रागसुद्धा उतरतो!"

रांगेत सासवाच जास्त होत्या.

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या सायचॉनची आई थोंगबाय शेजारीच राहायची. तीही रोज वाटीभर पाणी पीत होती. मधुमेहाच्या गोळ्या तिनं बंद केल्या होत्या आणि पायाचा अंगठा काळा पडत चालला होता.

"आई, दवाखान्यात चल."

"डॉक्टर पाय कापतात. देवी कापत नाही."

रविवारी सायचॉन कोयता घेऊनच आली. कुंपणाला लागून आईच्या केळी होत्या. फुलाआधीचं शेवटचं आखूड पान आलेली एक केळ तिनं रांगेसमोर आडवी केली आणि उभी चिरली. सोपटांच्या आत पांढरा दांडा होता आणि अर्ध्या वाटेवर मिटलेलं केळफूल.

"फूल खाली कंदाशी तयार होतं आणि पोटातून वर चढतं," ती म्हणाली. "शेंडा छाटून मध्ये खिडकी पाडली, की तिथून बाहेर येतं. असा बाहेर डोकावणारा अवयव म्हणजे बहिर्गत. पुस्तकात देवी लिहिलेलं नाही."

"कापडाला हात लावील तो रक्त ओकेल!" आचार्य गरजले.

माणसं दोन पावलं मागे सरली. थोंगबाय मात्र चिरलेल्या केळीकडे बघत होती. डुकरांना घालायला चाळीस वर्षं तिनं केळीचे बुंधे कापले होते. ती लंगडत पुढं गेली आणि कापड ओढलं.

कुणी रक्त ओकलं नाही.

फुलाभोवती चौकोनी खिडकी होती, कडा सुकून तपकिरी झालेल्या. थोंगबायनं मुकुट उचलला. खाली शेंडा नव्हता.

"सुरीचा काप आहे," ती म्हणाली. "महिन्याभरापूर्वीचा. आचार्य, देवीला सुरी कशाला लागली हो?"

आचार्यांना अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. थोंगबाय तिथंच मातीत बसली.

"पोरी, मग माझा पाय?"

दुपारी दोघी जिल्ह्याच्या दवाखान्यात होत्या. अंगठा गेला, पाऊल वाचलं. आणखी आठवडा गेला असता तर पाय गुडघ्यापासून कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले.

"आधीच का नाही गं सांगितलंस?" खाटेवरून थोंगबायनं विचारलं.

"रोज सांगत होते, आई."

"सांगत होतीस. दाखवलं नव्हतंस."

म्हणून चमत्कार कानावर आला, तर नुसतं हसू नका आणि हातही जोडू नका. जाऊन बघा, विचारा, चारचौघांना दाखवा. आणि गोळी त्या दिवशीही घ्या.