हिरडीतला हिरवा दोरा

उजव्या पायाचा अंगठा गेला, तर शिलाई मशीनच्या पायडलवर जोर कशाचा देणार? शिवणकाकूंना एवढा एकच प्रश्न पडला होता. सर्जननं मात्र नखं कापायला सांगावं तसं सहज सांगितलं, "जखम भरत नाहीये. महिनाभर बघू, नाहीतर अंगठा काढू. मधेच ताप आला किंवा पाय लाल झाला, तर लगेच या."

"महिना कशाला? आत्ताच उरकून टाक ना, आई," थोरला लेक म्हणाला. भीती वाटली की त्याला घाई सुटायची.

"अंगठा तुझा असता, म्हणजे विचारलं असतं तुला."

त्याच आठवड्यात साखरेच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. औषधं वाढवूनही साखर आवरत नव्हती. बाईंनी एकदम विचारलं, "काकू, हिरड्यांतून रक्त येतं?"

"येतं की. कित्येक वर्षं. येतं तिथे ब्रश लावत नाही मी."

"तोंड उघडा बघू." बाईंनी नुसती नजर टाकली आणि दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं.

घरी हसू फुटलं. "रोग रेड्याला, औषध पखालीला!" लेक म्हणाला. सुनेनंही पदर तोंडाला लावला.

"हसा. दात आहेत तोवर मीही हसून घेते," काकू म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. लेक सोबत निघाला.

दाताच्या डॉक्टरनं डावी बाजू बधिर केली आणि सुळ्याजवळची हिरडी साफ करता करता थांबला. चिमट्यानं काहीतरी ओढून त्यानं पांढऱ्या कापसावर ठेवलं. दोऱ्याचा तुकडा होता, हिरवा.

काकू बधिर जिभेनंच म्हणाल्या, "शाळेच्या गणवेशाचा! शाळा सुरू व्हायच्या आधी शिवले होते."

आयुष्यभर दोरा त्यांनी ह्याच सुळ्यानं तोडला होता. कात्री समोर असली तरी.

"दोरा निमित्तमात्र," डॉक्टर म्हणाला. "हिरडी दातापासून सुटली की मधे खिसा होतो. त्यात जंतू बसतात. शरीर त्यांच्याशी दिवसरात्र झुंजत राहतं, आणि त्या झुंजीची सूज तोंडापुरती राहत नाही. रक्तात उतरते, साखर चढी ठेवते. साखर चढी राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. मग पायाची जखम भरायची कशी?"

"आणि साखर चढली की हिरडी आणखी बिघडत असणार."

"बरोबर. दोन्हीकडून उसवतं."

लेकाला उपाय सापडला. "मग सगळेच दात काढा. कवळी बसवू, कटकट मिटेल."

काकू खुर्चीत ताठ बसल्या. अर्धा ओठ लोंबत होता, पण आवाज खणखणीत होता. "पाय बिघडला, अंगठा काढ. हिरडी सुजली, दात काढ. उद्या माझं डोकं दुखलं तर काय करशील रे?"

डॉक्टर मान वळवून हसला. "दात राहू शकतात. पण रक्त आलं तरी तिथेच ब्रश फिरवायचा. आणि दोरा तोंडाला लावायचा नाही."

पहिले दिवस बेसिन लाल व्हायचं. काकू आरशात पाहून म्हणायच्या, "ये, किती यायचंय ते ये," आणि नेमक्या तिथेच ब्रश फिरवायच्या. गळ्यात नाडीला कात्री अडकवली. "काकू, दात थकले वाटतं?" गिऱ्हाइकं चिडवत. "थकले नाहीत. रजेवर आहेत." उजव्या पायावर भार द्यायचा नव्हता, तर त्या डाव्यानं पायडल मारायला शिकल्या. टीप आधी साप गेल्यासारखी यायची, मग सरळ झाली.

महिन्यानं सर्जननं पट्टी सोडली, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तळातून लाल, ताजं मांस धरत होतं. साखरही उतरली होती.

"अंगठा ठेवू आपण. ड्रेसिंग चालू द्या."

"हिरडीमुळे झालं?" लेकानं विचारलं.

"एकट्या हिरडीमुळे म्हणता येणार नाही. ड्रेसिंग आहे, औषधं आहेत. तिचाही हात असेल."

"असेल म्हणजे नक्की काय?"

"'असेल' पुरे झालं," काकू म्हणाल्या. "'काढू' तर कधी नक्की नव्हतं, तरी तू तयार होतास."

घरी येताच त्या मशीनवर बसल्या. लेक सफरचंद खात शेजारी टेकला. शिवण संपली, दोरा सवयीनं ओठांपर्यंत गेला. काकूंनी तो खाली घेतला, कात्रीनं कापला आणि लेकाकडे रोखून पाहिलं.

"मघापासून एकाच बाजूनं चावतोयस. तोंड उघड बघू."

लेकानं ओठ घट्ट मिटले.

"चपला घाल," काकू म्हणाल्या.