डावा, उजवा आणि बहिरूमामांचा रुमाल

२०१८ साली, कुंभमेळा होऊन तीन वर्षं झाल्यावर, अमोलनं ठरवलं की आयुष्यात एकदा तरी आपण एकटं विकलं जायचं.

तोवर तो सात क्लबांना विकला गेला होता. कोल्हापूर, पुणे, बंगळूर, कोलकाता, शिलाँग, परत पुणे आणि केरळ. नऊ वर्षं तो मैदानाच्या डाव्या कडेनं चुन्याच्या रेघेला धरून पळत आला होता. आणि या सातही वेळा त्याच्याबरोबर संघर्ष विकला गेला होता. संघर्ष उजव्या कडेनं पळायचा.

याचं मूळ २००९ सालात होतं. कोल्हापूरच्या एका क्लबाचा माणूस अमोलला मागायला नाशिकला आला, तेव्हा अमोलचे वडील पुंजाराम गांगरून गेले. ते अंबडच्या कारखान्यात फिटर. माणसाची बोलणी कशी करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्यांचा मेहुणा बहिरू घोटीच्या बाजारात बैलांचा दलाल होता. त्याला निरोप गेला. बहिरूमामा पहिल्या एसटीनं आले, चहा प्यायले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"पोरगं कुठल्या अंगाचं?"

"डाव्या," पुंजाराम म्हणाले. "डावीकडूनच पळतो. उजवीकडं टाकला की गोंधळतो."

मामांना फुटबॉल तत्क्षणी कळला. जो बैल लहानपणापासून जुवाच्या डाव्या बाजूला चालला, तो उजवीकडं जुंपला की अडतो, हे त्यांना नव्यानं सांगावं लागत नव्हतं.

"मग उजवा कुठाय?" ते म्हणाले. "एकटा बैल कोण विकतं?"

उजव्याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. त्याच मैदानावर संघर्ष खेळायचा. त्याची आई सुलाबाई महापालिकेत कारकून होती, उपनगरच्या कॉलनीत राहायची, आणि तिच्यासमोर बोलताना भले भले खुर्चीत सरळ बसत. तिनं मामांचं सगळं ऐकून घेतलं.

"माझा मुलगा बैल नाही," ती म्हणाली.

"माझा भाचा तरी कुठंय, बाई?"

"गेला तर बरोबरीनं जाईल. कुणाच्या मागं बांधून नाही."

"जू एकच असतं बाई. त्यात पुढंमागं नसतंच."

सुलाबाईंना हे पटलं. मग अंगणातच सौदा झाला. मामांनी खांद्यावरचा रुमाल हातावर पसरला, कोल्हापूरच्या माणसाला हात आत घालायला लावला, आणि बाजारात करतात तशी बोटं दाबून बोलणी केली. काय ठरलं ते बाहेर कुणालाच दिसलं नाही. मग त्यांनी दोन्ही पोरांचं तोंड उघडून दात दाखवले आणि हमी दिली : मारकुटा नाही, बुजत नाही, कामात बसत नाही, आणि आठ दिवसांत खोड निघाली तर परत. शेवटी खाली वाकून त्यांनी दोघांच्या बुटांच्या नाड्या काढून खिशात घातल्या. बैल विकावा, दावं विकू नये, असा त्यांचा नेम होता. त्यामुळं प्रत्येक नव्या क्लबात पहिल्या दिवशी दोघंही सुतळी बांधलेल्या बुटांनी पळाले. केरळच्या क्लबानं तर हमीचा शब्द धरून आठव्या दिवशी जोडी परत पाठवली. सोबत केळ्याच्या वेफर्सची पिशवी होती आणि 'कामात बसतात' असं पत्र होतं. चांगुणामामीनं वेफर्स ठेवून घेतले.

खेळ कसा होता म्हणाल, तर दोघं मिळून एका बऱ्या खेळाडूइतके होते. अमोल मान खाली घालून वाऱ्यासारखा पळायचा, इतका की गोल कुठं आहे ते त्याला कळायचं नाही. मग पलीकडच्या कडेवरून संघर्ष ओरडायचा, "डाव्या, वर बघ." तेव्हा तो वर बघायचा. आणि संघर्ष असा की अमोलनं शिट्टी मारल्याशिवाय जागचा हलायचा नाही. मैदानाबाहेर त्यांचं जेवणाच्या ताटापासून खिडकीच्या जागेपर्यंत कशावरच जमत नसे.

अमोल हे सगळं सहन करायचा, कारण कोल्हापूरला निघताना मामांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "खरी मागणी तुलाच हाय भाच्या. तो तुझ्या नावावर जातोय. पण त्याला बोलू नको, लय वाईट वाटंल त्याला." अमोल बोलला नाही. पण नऊ वर्षं एखाद्याला आपल्या नावावर नेत राहणं सोपं नसतं. कोणी आपल्याला एकट्याला मागतं का, हे त्याला एकदा बघायचं होतं.

आणि २०१८च्या पोळ्याच्या आधी गोव्याच्या एका मोठ्या क्लबाचा मॅनेजर घोटीला आला. भर बाजारात, दोन डांगी बैलांच्या मध्ये उभं राहून त्यानं रुमालाखाली हात घातला. अमोल आणि संघर्ष समोर गुऱ्हाळात रस पीत बसले होते. बराच वेळ रुमाल हलत राहिला. मग मॅनेजरनं हात काढला, मान हलवली आणि गाडीत बसून गेला.

"काय झालं?" अमोलनं विचारलं.

"त्याला एकच पायजे," मामा म्हणाले. "जोडी फोडायची नाय म्हणून मी सांगितलं."

"एक म्हणजे कोण?"

"रुमालाखालचं रुमालाखाली, भाच्या."

अमोलनं तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता नाशिकरोडहून मडगावची गाडी पकडली. बुटांना त्यानं नव्या पांढऱ्या नाड्या घातल्या होत्या. मनात तो गोव्याच्या मॅनेजरला म्हणत होता, आलो बघा, एकटा.

क्लबाच्या फाटकाशी तो वॉचमनला नाव सांगत होता, तेवढ्यात मागं रिक्षा थांबली. रिक्षातून संघर्ष उतरला.

"तू इथं काय करतोस?" अमोलनं विचारलं.

"बोलावलंय मला."

"तुला? मामा मला काय म्हणाले होते, माहितीय? तू माझ्या नावावर जातोस म्हणाले."

संघर्षनं बॅग खाली ठेवली. "मला म्हणाले, अमोल माझ्या नावावर जातो. तुला सांगू नको म्हणाले, तू मनाला लावून घेशील. नऊ वर्षं तुझं मन सांभाळतोय मी, डाव्या. दर वेळी खिडकी कोणी सोडली?"

"तीनदा सोडलीस."

"चारदा. शिलाँगला जाताना पण."

हे मिटायच्या आत मॅनेजर बाहेर आला. दोघांना बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"दोघेही कित्याक आले? मी एकच मागितला होता."

"कोण?" दोघंही म्हणाले.

"कोणताही. एक जागा रिकामी आहे, बस. कडेनं पळणारा कोणीही चालेल." त्यानं घड्याळात बघितलं. "जो आधी आला तो घेतो. कोण आधी आला?"

संघर्षनं अमोलकडं बोट केलं. "हा. पाच मिनिटं आधी." खोटं बोलला असता तरी कोणाला कळलं नसतं; वॉचमन तंबाखू मळत होता.

लहान दार उघडलं. अमोलनं एक पाय आत टाकला. मैदान हिरवंगार होतं, डावीकडची चुन्याची रेघ नुकती मारलेली होती. इतकी सरळ रेघ त्यानं सात क्लबांत बघितली नव्हती. त्यानं सवयीनं पलीकडच्या कडेला बघितलं. तिथं कोणी नव्हतं. आपण पळत सुटलो तर कुठं थांबायचं ते आता कोण सांगणार, असा विचार त्याच्या मनात आला. समोरच्या भिंतीपर्यंत जाऊ कदाचित.

त्यानं खिशातून हातरुमाल काढला, उजव्या हातावर पसरला आणि हात मॅनेजरपुढं केला.

मॅनेजरला घोटी आठवलं असावं. त्यानं उसासा टाकून हात आत घातला. अमोलनं दोन बोटं दाबली. मॅनेजरनं एक दाबलं. अमोलनं दोन. मॅनेजरनं एक. वॉचमन तंबाखू मळायचा थांबला. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी मॅनेजरनं हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि अमोलचा पाय बाहेर निघण्याची वाट बघून दार लावून घेतलं.

परतीच्या गाडीत रत्नागिरी आल्यावर संघर्षनं विचारलं.

"दोन बोटं दाबलीस ना? मी सांगितलं होतं का तुला?"

"नाही."

"मग?"

"सवय."

खिडकी अमोलकडं होती.

घोटीला पोचले तेव्हा पोळा होता. मामा गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी आधी दोघांच्या पायांकडं बघितलं.

"नाड्या हायेत बुटाला," ते मामीला म्हणाले. "म्हंजे विकले गेले नाय. पुरणपोळी वाढ." मामीनं नेहमीप्रमाणं आधी बैलांना ओवाळलं, मग त्या दोघांना.

त्यानंतर कोणत्याच क्लबानं त्यांना मागितलं नाही. गोव्याच्या क्लबानं एक कडेनं पळणारा घेतला म्हणे, आणि वर्षभरात सोडलाही. पुंजाराम कारखान्यातून निवृत्त झाले. जाताना त्यांनी साहेबांकडं कंपनीच्या संघात घ्यायला अमोलसाठी शब्द टाकला. साहेबांना एकच माणूस हवा होता. मामा रुमाल घेऊन अंबडला गेले, आणि दोघं लागले. अमोल स्टोअरमध्ये आहे, संघर्ष डिस्पॅचला. सुलाबाई निवृत्तीनंतर कॉलनीतल्या मुलींना फुटबॉल शिकवायची व्यवस्था बघतात, आणि मुलींचे दात कोणी बघायचे नाहीत अशी त्यांची पहिली सूचना आहे. चांगुणामामी केळ्याचे वेफर्स घरी करायला शिकल्या, पण तसे जमत नाहीत म्हणतात.

घोटीचा बैलबाजार ओसरत गेला आणि गेल्या दिवाळीनंतर मामांनी अंथरूण धरलं. दोघं भेटायला गेले. नाड्यांच्या चौदा जोड्या खुंटीवर टांगलेल्या होत्या. संघर्ष पाणी आणायला आत गेला, तेवढ्यात अमोलनं मामांच्या हातावर रुमाल पसरला.

"मामा, गोव्याचं जाऊ द्या. आधीच्या सात क्लबांना खरा कोण हवा होता? मी असलो तर हात दाबा."

मामांनी हात घट्ट दाबला.

अमोल ओट्यावर येऊन बसला. मागून संघर्ष पाणी घेऊन मामांजवळ गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. बाहेर आला तेव्हा रुमालाची घडी घालत होता, आणि मनासारखं उत्तर मिळालेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता. अमोलला त्याची कीव आली. मामांनी बिचाऱ्याच्या समाधानासाठी काहीतरी दाबलं असणार.

मामा त्याच पौषात गेले. तेव्हापासून अंबडच्या टपरीवर दोघं एकमेकांशी फार मायेनं वागतात. आपल्या नावावर आलेल्या माणसाशी वागावं तसं. आणि कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा कोणीच घेत नाही; दोघंही ती दुसऱ्यासाठी सोडतात.